फलकावर न दिसणारी मुले



मे महिन्यात दहावी-बारावीचे निकाल लागले की उज्जैनमध्ये फ्रीगंजपासून देवास रोडपर्यंत शाळांचे फलक झळकू लागतात. आठ-दहा मुलांचे फोटो, प्रत्येकाच्या नावाखाली दशांश चिन्हासकट टक्के आणि वर शाळेचे बोधचिन्ह. यांत शहरातल्या कॅथलिक शाळाही असतात, ज्यांना सारे गाव नुसते ‘कॉन्व्हेंट’ म्हणते. ‘विद्यार्थ्यांचे यश’ म्हणून वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर जे छापून येते, ते बहुतेक या फलकाचीच नक्कल असते. केंद्रीय बोर्डाने २०२३ मध्ये गुणवत्ता यादी जाहीर करणार नाही, प्रथम-द्वितीय श्रेणीही देणार नाही, असे सांगितले. मुलांमधली अनिष्ट स्पर्धा टाळावी हे कारण दिले. बोर्डाने यादी थांबवली, पण फलकांनी ती परस्पर चालू ठेवली. आज माझे म्हणणे या फलकाविषयी आहे. छोट्या शाळेचे खरे यश त्यावर दिसत नाही. ते दिसते तिने किती मुले वाटेत गमावली नाहीत यात, आणि मुले न गमावण्याची ताकद अध्यापनाइतकीच शाळेभोवतीच्या मोठ्या माणसांच्या परस्पर ओळखीतून येते. कॅथलिक शाळांचे उदाहरण घेतो, कारण या प्रश्नावर त्यांचा बराच अभ्यास झाला आहे आणि कारण उज्जैनमध्ये त्यांची स्थिती फार विलक्षण आहे.

आधी टक्क्यांचा हिशेब संपवू. २०२५ मध्ये केंद्रीय बोर्डाच्या दहावीचा देशभरातला निकाल ९३.६६ टक्के लागला. मध्य प्रदेश मंडळाच्या दहावीचा त्याच वर्षीचा निकाल ७६.२२ टक्के होता. पहिल्या परीक्षेत शंभरातली त्र्याण्णव-चौऱ्याण्णव मुले पास होत असताना ‘आमचा निकाल शंभर टक्के’ या घोषणेला फारसे वजन उरत नाही. शिवाय ते शंभर टक्के कशाचे, हेही विचारायला हवे. परीक्षेला बसलेल्यांचे. नववीत दोनदा अडखळलेल्या मुलाच्या बापाला बोलावून दाखला हातात दिला की तो मुलगा या हिशेबातून कायमचा गळतो. ही पद्धत कुठल्या एका संस्थेची नाही. चांगल्या निकालाची हाव असलेल्या सर्व प्रकारच्या शाळांत ती चालते आणि पालकांना ठाऊकही असते. मध्य प्रदेश सरकारला २०१६ मध्ये ‘रुक जाना नहीं’ नावाने नापास मुलांसाठी मुक्त शाळेमार्फत पुन्हा परीक्षेची सोय करावी लागली. गळणाऱ्यांची संख्या दुर्लक्ष करण्याजोगी असती तर ही योजना निघालीच नसती.

आता अभ्यासाकडे वळू. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९८० च्या दशकात सरकारी, कॅथलिक आणि इतर खासगी माध्यमिक शाळांची तुलना केली. त्यांच्या १९८८ च्या गाजलेल्या निबंधात एक आकडा आहे. दहावी ते बारावी या टप्प्यात शाळा सोडणाऱ्यांचे प्रमाण सरकारी शाळांत १४.४ टक्के, इतर खासगी शाळांत ११.९ टक्के आणि कॅथलिक शाळांत ३.४ टक्के होते. इथे लक्ष द्यायचे ते इतर खासगी शाळांच्या आकड्याकडे. फी भरणारे, मुलांसाठी शाळा पारखून निवडणारे पालक तिथेही होते, तरी गळती जवळपास सरकारी शाळांइतकीच. म्हणजे पैसा किंवा हौस हे कारण पुरत नाही. कॅथलिकेतर धार्मिक संस्थांच्या ज्या मोजक्या शाळा पाहणीत होत्या, त्यांतही गळती कमीच आढळली. म्हणजे विशिष्ट पंथाचाही हा चमत्कार नव्हता. कोलमन यांचे स्पष्टीकरण सरळ आहे. एका मुलाचे आईवडील दुसऱ्या मुलाच्या आईवडिलांना ओळखत असले, दर आठवड्याला प्रार्थनेला भेटत असले, शिक्षकही त्यांच्यातच वावरत असले, तर मूल भरकटू लागल्याची खबर घरी वेळेवर पोचते. शिस्त एकट्या बापाला लावावी लागत नाही. घरी हा आधार नसलेल्या मुलांना अशा शाळेचा फायदा तुलनेने जास्त होतो, असेही त्यांना दिसले.

या निष्कर्षावर अर्थशास्त्रज्ञांनी हल्ला केला. मुळात चांगली मुलेच तिथे जातात, मग शाळेचे श्रेय काय? आक्षेप रास्त होता आणि त्याची सर्वांत काटेकोर तपासणी जोसेफ अल्टोन्जी, टॉड एल्डर आणि ख्रिस्तोफर टेबर या तिघांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केली. निवडीचा परिणाम वजा करूनही कॅथलिक शाळेत गेल्याने शालान्त शिक्षण पुरे होण्याची शक्यता लक्षणीय वाढते, असे त्यांना आढळले. परीक्षेतले गुण मात्र वाढतात असा विशेष पुरावा मिळाला नाही. माझ्या मते या विषयावरचा सर्वांत बोलका निकाल हाच. आपण फलकावर गुण छापतो. शाळेचा प्रभाव मात्र गुणांवर जवळपास नसतो, तो मूल टिकण्यावर असतो. आपण शाळेला ज्याचे श्रेय देतो ते बहुधा घराचे असते आणि जे खरोखर तिचे असते त्याची विचारपूसही करत नाही.

इथे कोणीही म्हणेल की अमेरिकेचे पुरावे उज्जैनला कसे लावता? तिथे शाळा चर्चच्या आवारात, मुले त्याच वस्तीतली, कुटुंबे त्याच पंथाची. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण उज्जैनचा इतिहासच वेगळा आहे. उज्जैनचे कॅथलिक धर्मक्षेत्र जुलै १९६८ मध्ये निर्माण झाले आणि १९७७ मध्ये त्याला पूर्ण दर्जा मिळाला. ते लॅटिन परंपरेचे नाही, केरळच्या सीरो-मलबार चर्चचे आहे. त्याची जबाबदारी १९६८ मध्येच केरळात स्थापन झालेल्या संत थॉमस प्रेषिताच्या नावाच्या मिशनरी संघाकडे देण्यात आली. पहिले प्रमुख जॉन पेरुमट्टम. क्षेत्र तेव्हाचे तीन जिल्हे, उज्जैन, शाजापूर आणि राजगड. आगर-माळवा पुढे शाजापूरमधून वेगळा झाला. या भागात जुनी ख्रिस्ती गावे नव्हती, वसईसारखा चारशे वर्षांचा वारसा नव्हता. २०११ च्या जनगणनेत साऱ्या मध्य प्रदेशात ख्रिस्ती लोक ०.२९ टक्के होते. म्हणजे इथे शाळा आधी आली आणि तिच्याभोवतीचा समाज तिला स्वतः जमवावा लागला. तोही हिंदू, मुसलमान, जैन, शीख कुटुंबांतून. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळेला रविवारच्या प्रार्थनेत जे आयते मिळत होते, ते शाजापूरच्या शाळेला पालकसभेतून, स्नेहसंमेलनातून, क्रीडा दिनातून, प्रवेशद्वारापाशी दुपारी सुटीच्या वेळी उभ्या असलेल्या आयांच्या आणि मॅजिक गाड्यांच्या चालकांच्या गप्पांतून कमवावे लागते.

म्हणूनच या शाळांच्या सामुदायिक जीवनाला ‘अभ्यासेतर’ म्हणून बाजूला सारणे मला चुकीचे वाटते. संमेलनात जो बाप मुलीच्या वर्गातल्या इतर तीन बापांना भेटतो, तो तिच्या गैरहजेरीची बातमी लवकर ऐकतो. मोठ्या शाळेत ही भेट होत नाही, कारण तिथे पालक हा ग्राहक असतो आणि ग्राहकांना एकमेकांची गरज नसते. उज्जैन शहरातली सेंट मेरी किंवा ख्राइस्ट ज्योती ही नावे सर्वांना ठाऊक आहेत, पण मी ज्याविषयी बोलतो तो गुण तालुक्याच्या गावी असलेल्या, एका तुकडीच्या शाळेत अधिक आढळावा असा आहे. तिथे सिस्टरची बदली होते, पण गावातलेच जे शिक्षक आठ-दहा हजारांवर वर्षानुवर्षे शिकवतात ते टिकून असतात. शाळेची स्मरणशक्ती त्यांच्यापाशी असते. त्यांच्या पगाराकडे धर्मक्षेत्राने जितके लक्ष द्यायला हवे तितके दिले जात नाही, हे स्पष्ट बोललेले बरे.

आपल्या शहराने या सहजीवनाची एक मजेशीर परीक्षा २०२४ मध्ये घेतली. श्रावणात दर सोमवारी महाकालाची सवारी निघते, रस्ते बंद होतात, मुलांना शाळेत पोचणे अवघड होते. म्हणून प्रशासनाने शहरातल्या शाळांना सोमवारी सुटी आणि रविवारी वर्ग, असा आदेश दिला. आदेश सर्वच शाळांना होता, आणि कॅथलिक वेळापत्रकात रविवार हा प्रार्थनेचा दिवस आहे. त्यावर राजकीय टीकाही झाली. माझे मत असे की गर्दीच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा होता. पण ज्या शाळेचे शिक्षक दुसऱ्याच्या देवाच्या पालखीसाठी आपला रविवार सोडतात, तिच्याकडून डिसेंबरात नाताळच्या कार्यक्रमाबद्दल लेखी खुलासे मागताना समाजाने हात थोडा आखडता घ्यावा. याच धर्मक्षेत्रातल्या शाजापूर जिल्ह्यात डिसेंबर २०२३ मध्ये शिक्षणाधिकाऱ्यांनी आदेश काढला की पालकांच्या लेखी परवानगीवाचून कोणत्याही मुलाला सांताक्लॉज वगैरे बनवू नये. तत्त्व म्हणून पालकांची संमती हवीच. राज्यघटनेचे कलम २८(३) मान्यताप्राप्त शाळेतल्या धार्मिक शिक्षणासाठी आणि उपासनेसाठी ती सक्तीने मागते. पण लाल टोपी घालून पेपरमिंट वाटणे म्हणजे धर्मशिक्षण, असे म्हणायचे तर दहीहंडीच्या दिवशी बाळकृष्ण झालेल्या मुसलमान मुलासाठीही तसाच कागद लागेल. तो कोणी मागत नाही, आणि मागूही नये.

यातूनच दुसरा, जास्त जुना आक्षेप येतो. शाळा हे धर्मांतराचे साधन आहे, असा. या आक्षेपाशी मराठी माणसाचा जवळचा संबंध आहे. मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी १९५४ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष भवानीशंकर नियोगी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश होते. १९५६ मधल्या त्यांच्या अहवालाने मिशनच्या शाळा आणि दवाखान्यांकडे याच नजरेने पाहिले. तो अहवाल नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशाचा होता. उज्जैन तेव्हा मध्य भारत राज्यात होते. तरी त्याची छाया नव्या राज्यावर पडली आणि १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने धर्मस्वातंत्र्य कायदा केला. उज्जैनचे धर्मक्षेत्र आणि हा कायदा एकाच वर्षाचे. आक्षेपाला उत्तर आकड्यांत शोधायचे तर २००१ च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती सुमारे ०.२८ टक्के होते आणि दहा वर्षांनी ०.२९. या दशकात इंग्रजी माध्यमाच्या मिशन शाळांतून किती मुले शिकून बाहेर पडली असतील याचा अंदाज प्रत्येकाने करावा. शाळा हे धर्मांतराचे यंत्र असेल तर ते फारच निकामी म्हणावे लागेल. राज्याची सरासरी एखाद्या गावाविषयी काही सांगत नाही, हे मान्य. फसवणुकीची तक्रार असेल तिथे कायदा आहेच. पण डिसेंबर २०२१ मध्ये विदिशा जिल्ह्यातल्या गंजबासोदा इथे परीक्षा चालू असलेल्या सेंट जोसेफ शाळेवर जमावाने दगडफेक केली, तेव्हा वर्गात बसलेली बहुसंख्य मुले कोणाची होती, हे जमावाने विचारात घेतले नाही.

ती कोणाची असतात, याचा अंदाज राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या २०२१ च्या अहवालावरून येतो. देशातल्या ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांत सुमारे ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्ती नाहीत, असे त्यात म्हटले आहे. आयोगाने हा आकडा टीकेच्या सुरात दिला: अल्पसंख्याकांसाठीच्या सवलती घेता आणि शिकवता इतरांना. मला तो प्रशंसेचाही वाटतो. पण त्याच अहवालातला दुसरा आकडा या शाळांच्या पाठीराख्यांनी टाळू नये. अल्पसंख्याक शाळांतल्या एकूण विद्यार्थ्यांपैकी सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित गटांतले फक्त ८.७६ टक्के आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा अशा मुलांसाठी ठेवायला लावल्या. २०१४ च्या ‘प्रमती’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून मोकळे केले. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले. कायद्याचे जे व्हायचे ते होईल. राज्यघटनेच्या कलम ३० चा अधिकार मी कमी लेखत नाही. छोट्या समाजाला आपली संस्था आपल्या पद्धतीने चालवता येणे ही लोकशाहीची मोठी कमाई आहे. पण युक्तिवाद म्हणून पाहा. अशा शाळेचा फायदा आधार नसलेल्या मुलाला जास्त होतो, असे कोलमन यांना दिसले होते. ज्या संस्थेकडे हा दुर्मीळ गुण आहे तिने तो फी भरू शकणाऱ्यांसाठीच राखून ठेवावा, हे तिच्या स्वतःच्या धर्मश्रद्धेतही बसत नाही. कॉन्व्हेंटवर इंग्रजीच्या मिजाशीचा जो आरोप होतो, त्याचे मूळ इथे आहे. भाषेत तितके नाही.

अजून एक आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो, आणि तो विरोधकांकडून न येता या विचाराच्या पोटातूनच येतो. सगळे सगळ्यांना ओळखतात अशा जागी मूल गळत नाही, खरे. पण त्याला श्वासही घेता येत नाही. आपल्याला हे सांगायला कोलमन नको. शिंद्यांच्या काळापासून माळव्यात आलेल्या मराठी कुटुंबांनी वाड्यांमध्ये, गणेशोत्सवांमध्ये अशीच वीण सांभाळली. तिने अनेकांना शिकवले, नोकऱ्या लावल्या, विधवांना आसरा दिला. आणि कोणाची मुलगी कोणाबरोबर कुठे दिसली याचा गावभर डंकाही तिनेच पिटला. छोट्या शाळेत मुलीला मुलाशी बोलताना पाहिले की खबर तासाभरात घरी जाते, आणि काही घरांत त्याचा परिणाम तिची शाळा बंद होण्यात होतो. म्हणजे ज्या जाळ्याने गळती थांबवायची त्यानेच ती घडवायची. याला माझ्यापाशी पक्के उत्तर नाही, फक्त एक फरक सुचतो. खबर घरी कोण नेते यावर सारे अवलंबून असते. शेजाऱ्याने नेली तर ती चुगली ठरते. वर्गशिक्षिकेने आधी मुलीशी बोलून, मग आईला शाळेत बोलावून सांगितली तर तीच काळजी ठरू शकते. म्हणून मला शिक्षकांच्या टिकून राहण्याचा प्रश्न इमारतीपेक्षा आणि स्मार्ट बोर्डापेक्षा महत्त्वाचा वाटतो. वर्षाकाठी बदलणारी बाई कोणाच्या आईला कोणत्या सुरात बोलावावे हे कशी जाणणार?

यश समाजातून कसे उगवते याचा पुरावा उज्जैनला बाहेरून आणायला नको. मल्लखांब घ्या. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी घडवलेली ही मराठी विद्या इथे इतकी रुजली की मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये तिला राज्यखेळ केले. २०२० मध्ये उज्जैनच्या योगेश मालवीय यांना मल्लखांबाच्या प्रशिक्षणासाठी द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, आणि २०२३ च्या आरंभी मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतला मल्लखांब उज्जैनमध्येच झाला. इथले खेळाडू कोणा एका नामवंत शाळेने घडवलेले नाहीत. संध्याकाळी खांबापाशी जमणारी मोठी मुले लहानांना धरतात, आया बाकावर बसून पाहतात, वस्ताद गैरहजर पोराच्या घरी निरोप धाडतो. पदक येते तेव्हा मात्र शाळा फलकावर फोटो छापते. छापावा, हरकत नाही; पण वस्तादाचे काम आपल्या वर्गात कोण करते, हेही तिने स्वतःला विचारावे.

छोट्या शाळा परवडत नाहीत, त्या मोठ्यांत विलीन कराव्यात, असे आता सरकारी आणि खासगी दोन्ही व्यवस्थापने म्हणू लागली आहेत. हिशेबाच्या वहीत ते बरोबरच दिसते. अमेरिकेत १९६५ मध्ये कॅथलिक शाळांत पन्नास लाखांहून अधिक मुले होती. आज सतरा लाखांच्या आसपास आहेत. मार्गारेट ब्रिनिग आणि निकोल गार्नेट यांनी २०१४ मधल्या पुस्तकात दाखवले की शिकागोत जिथे अशी शाळा बंद झाली, त्या वस्तीत पुढे अव्यवस्था वाढली आणि शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा भरवसा कमी झाला. त्या वस्त्यांतल्या बहुतेकांची मुले त्या शाळेत जातही नव्हती. शाळेचा खर्च मांडताना ही बाजू कोणाच्या जमाखर्चात धरली जात नाही.

म्हणून मागणी फार छोटी करतो. धर्मक्षेत्राच्या शाळांनी, आणि हवे तर आपल्या मराठी संस्थांच्या शाळांनीही, वार्षिक संमेलनात मुख्याध्यापकांच्या अहवालात टक्के वाचण्याआधी तीन गोष्टी वाचाव्यात. अकरा वर्षांपूर्वी पहिलीत किती मुले होती, त्यांपैकी आज बारावीत किती आहेत आणि मधल्या प्रत्येकाचे काय झाले. बदली झाली, दुसऱ्या शाळेत गेले, लग्न झाले, कामाला लागले, की दाखला दिला. एका तुकडीच्या शाळेला ही यादी करायला दाखल-खारीज रजिस्टर आणि दोन जुने शिक्षक पुरतात. आणि २५ टक्के जागांबाबत मोठ्या पीठाचा निर्णय कधी आणि काय येईल ते येवो; त्याआधी स्वखुशीने तेवढ्या जागा उघडायला व्यवस्थापनाला कोणीच अडवलेले नाही. आपल्या राज्यात नवे सत्र एप्रिलमध्ये सुरू होते आणि प्रवेशाचे अर्ज त्याआधी निघतात.